घरी क्युअरिंग ओव्हन बनवला त्यातल्या पीआयडी किटचा रिव्ह्यू: कंट्रोलरला ४ स्टार, एसएसआरला भोपळा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण किटबद्दल बोलायचं तर ते ज्या ओव्हनमध्ये (कार्बन फायबरच्या पार्टचं रेझिन तापवून पक्कं करायचा, म्हणजे क्युअर करायचा डबा) लावलं त्याबद्दल पण बोलावं लागतं. नुसतं "छान आहे, वेळेत आलं, पॅकिंग मस्त" असं लिहून मोकळं व्हायचं असतं तर आठ महिन्यांपूर्वीच लिहिलं असतं, आणि तेव्हा पाच स्टार पण दिले असते.

बॉक्समध्ये काय येतं तर ४८ बाय ४८ मिमीचा चौकोनी टेंपरेचर कंट्रोलर (पीआयडी म्हणजे तापमान सेट आकड्यापासून किती लांब आहे ते बघून हीटर कमी-जास्त सोडायची पद्धत), एक एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, कंट्रोलरच्या सिग्नलवर हीटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ज्यावर ४० अँपिअर छापलंय, त्याला लावायचं अॅल्युमिनियमचं हीटसिंक (त्याची उष्णता काढून घेणारा तुकडा), एक के-टाइप थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी वायर) आणि घडी घालून घालून फाटायला आलेलं मॅन्युअल. थर्मल पेस्ट नाही. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच रामायण झालंय.

ओव्हन कशाला हवा होता? दादाच्या बाईकसाठी मी कार्बन फायबरचं एअरबॉक्स कव्हर बनवलं होतं, इपॉक्सी (कापडात मुरून कडक होणारं रेझिन), व्हॅक्यूम बॅग, सगळं नीट. साच्यातून निघालं तेव्हा आरसा झक मारेल असं दिसत होतं. एक दुपार बाईक उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी कव्हरच्या कडेने मंद लाट आलेली, वर कापडाची वीण क्लिअर कोटमधून उठून दिसायला लागलेली. दादा म्हणाला, "हे काय गं, मेणाचं केलंयस का?" राग आला पण तो चुकीचं बोलत नव्हता. रूम टेंपरेचरला सेट झालेल्या साध्या इपॉक्सीचा टीजी, म्हणजे ज्या तापमानाला ते काचेसारखं कडक सोडून रबरासारखं ढिलं पडायला लागतं ते तापमान, साधारण ५०-६० डिग्रीच्या आसपास असतो. काळा पार्ट कडक उन्हात ७०-८० पर्यंत सहज जातो, आणि इथे तर शेजारी इंजिन. रेझिन कडक लागतं म्हणजे पूर्ण क्युअर झालं असं नसतं, त्याच्या रेणूंच्या साखळ्या अर्ध्यात जुळलेल्या असतात आणि त्या कडक जागेत त्यांना हलताच येत नाही, उष्णता दिली की हलतात आणि उरलेलं जोडकाम पुरं करतात. यालाच पोस्ट-क्युअर म्हणतात आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

डबा १.२ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच. भिंतींना दोन्ही बाजूंनी फॉइल असलेले ५० मिमीचे पीआयआर फोमचे बोर्ड. थर्माकोल वापरू नका हो, प्लीज. ७०-८० च्या आसपास तो मऊ पडून आत बसायला लागतो, म्हणजे नेमकं ज्या तापमानाला ओव्हनने काम करायचं त्याच तापमानाला भिंती वितळणार. निळा-गुलाबी एक्सपीएस बोर्ड मिळतो तोही तसलाच. पीआयआर साधारण १२० पर्यंत टिकतो, त्यामुळे ६० ते ९० च्या पोस्ट-क्युअरला चालतो, पण १२० ला क्युअर होणारं प्रीप्रेग (आधीच रेझिन मुरवलेलं कापड) करायचं असेल तर तो अगदी काठावर आहे, तिथे मग दोन पत्र्यांच्या मध्ये रॉकवूल (उष्णता सहन करणारी खनिज लोकर) भरूनच डबा करावा. आणि पीआयआर पेटला तर धूर विषारी असतो, हायड्रोजन सायनाइड असतं त्यात, म्हणून हीटर बोर्डाला चिकटवून ठेवायचा नाही, मी मध्ये पत्रा आणि मोकळी जागा ठेवलीये.

हीटर किती वॅटचा लावावा यावर लोक वाट्टेल ते आकडे सांगतात. मी हिशोब केला. सहा बाजू मिळून ३.६ चौरस मीटर, बाहेर २५ आत ८०, तर एवढ्या जाड पीआयआरमधून जेमतेम १०० वॅट बाहेर जातात. शंभर! एका जुन्या बल्बएवढे. प्रत्यक्षात दाराच्या फटी, कोपरे, पाइपांची भोकं धरून मीटरवर सरासरी अडीचशे दिसतात. म्हणजे ८० ला सहा तास ठेवायचं तर दोन युनिटच्या आत खेळ खलास. मी ७५० चे दोन पंखवाले ट्यूब हीटर लावलेत, १५०० वॅट, ते फक्त साचा लवकर तापावा म्हणून. तेव्हा वाटलं होतं जास्त पॉवर असलेली बरी. आता वाटत नाही, का ते येतंच पुढे.

आता किट. जोडणी सोपी आहे, फक्त थर्मोकपलच्या वायरींनी माझा अख्खा रविवार खाल्ला. आलेल्या थर्मोकपलला एक लाल आणि एक निळी वायर. मी कुठेतरी वाचून ठेवलेलं की के-टाइपमध्ये लाल म्हणजे निगेटिव्ह, आणि ते अमेरिकन कलर कोडमध्ये खरंच तसं आहे, पिवळी पॉझिटिव्ह लाल निगेटिव्ह. युरोपियन कोडमध्ये हिरवी पॉझिटिव्ह पांढरी निगेटिव्ह. आणि या स्वस्त लाल-निळ्यात लाल पॉझिटिव्ह! मॅन्युअलमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. मी उलटं जोडलं. हीटर चालू केला, आकडा २७, मग २५, मग १९. डबा हाताला गरम लागतोय आणि स्क्रीनवर हिवाळा. कंट्रोलर बिचारा काय करणार, त्याला वाटतंय थंडी वाढतेय म्हणून तो हीटर फुल्ल सोडतोय. सुदैवाने मी समोरच होते. तेव्हा जोडून झालं की हीटरला हात लावायच्या आधी थर्मोकपलचं टोक मुठीत धरा, आकडा वर गेला पाहिजे. पाच सेकंदाचं काम.

मग बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितलं, २ दाखवत होता. उकळत्या पाण्यात ९९. चांगलंय की. ऑफसेटची (आकड्यातला फरक दुरुस्त करायची) सेटिंग मेन्यूत आहे, पण मी तशीच सोडली, पोस्ट-क्युअरला एक-दोन डिग्रीने काही बिघडत नाही.

ऑटोट्यून हा या कंट्रोलरचा खरा दागिना. चालू केलं की तो हीटर पूर्ण सोडतो, सेट केलेल्या आकड्याच्या वर जातो, बंद करतो, खाली येतो, परत सोडतो, असे दोन-तीन हेलकावे खाऊन डबा कसा वागतो ते शिकतो आणि पी, आय, डी चे आकडे स्वतःच भरतो. एकच गोष्ट, हे रिकाम्या डब्यात करू नका. मी पहिल्यांदा रिकाम्यात केलं आणि नंतर साचा आत ठेवल्यावर तो ९ डिग्री वर उडी मारत होता. साचा ठेवून, पंखा चालू ठेवून, ८० वर परत ऑटोट्यून केलं, तेव्हापासून ८० म्हणजे ८०, फार तर ८१. यासाठी चार स्टार, आणि ते मी परत घेणार नाहीये, काहीही झालं तरी.

पण कंट्रोलर कितीही गुणी असला तरी त्याला फक्त थर्मोकपलच्या टोकाचं तापमान कळतं. बाकी ओव्हनमध्ये काय चाललंय त्याची त्याला गंधवार्ता नसते. पहिल्या ट्रायलला पंखा नव्हता, "हवा आपोआप फिरेल की" असा माझा दांडगा आत्मविश्वास. स्क्रीनवर ८०. मल्टीमीटरचं थर्मोकपल घेऊन आत फिरवलं तर छताजवळ ९६ आणि तळाशी ६१. एका डब्यात तीन ऋतू. म्हणजे त्याच पार्टचं एक टोक नीट क्युअर होणार आणि दुसरं जेमतेम कोमट. कॉम्प्युटरचा पंखा आत टाकायची आयडिया सगळ्यांना येते, मला पण आली, पण त्यातले बरेचसे ७० डिग्रीपर्यंतच्याच कामाचे असतात, माझा तिसऱ्या सायकलला (एकदा तापवून थंड करणं म्हणजे एक सायकल) कुरकुरायला लागला आणि चौथ्याला गप्प झाला. मग मोटर बाहेर आणि पाती आत, मध्ये लांब शाफ्ट, असा पंखा बसवला. हीटर एका पत्र्याच्या खोट्या भिंतीमागे, पंखा तिथून हवा ढकलतो, ती पार्टवरून जाऊन दुसऱ्या टोकाने परत येते. आता कोपऱ्या-कोपऱ्यात तीन-चार डिग्रीचा फरक राहतो. खरं सांगू का, अख्ख्या ओव्हनमध्ये सगळ्यात जास्त फायदा जर कशाने झाला असेल तर तो या पंख्याने, किटमधल्या कशानेच नाही.

आणि हवा ८० ला पोचली म्हणजे पार्ट ८० ला पोचला असं पण नाही बरं का. माझा ग्लास फायबरचा जाड साचा हवेच्या तब्बल पन्नास मिनिटं मागे असतो. सुरुवातीला मी स्क्रीनवर ८० दिसलं की घड्याळ लावायचे, म्हणजे चार तासातला जवळजवळ एक तास फुकट. आता एक बारीक वायरचं दुसरं थर्मोकपल साच्याच्या पाठीला टेपने चिकटवते आणि ते ८० म्हणालं की मगच मोजायला सुरुवात. किटमधलं थर्मोकपल या कामाला नको, त्याचं टोक बोल्टच्या आकाराचं जाडजूड आहे, त्याला स्वतःलाच तापायला वेळ लागतो.

आता तो किस्सा. साधारण विसावी-बाविसावी सायकल असेल. रात्रीचे साडेअकरा, आत नवीन कव्हर आणि त्याचा साचा, ८० वर दोन तास झालेले, सगळं शांत. मी झोपायच्या आधी एक नजर टाकायला गेले. खालच्या हिरव्या आकड्यात, म्हणजे सेट केलेला, ८०. वरच्या लालमध्ये, म्हणजे आतलं खरं तापमान, १०७. मला वाटलं डोळ्यांवर झोप आहे. १०८. कंट्रोलरचा आउटपुटचा दिवा बंद, एसएसआरवरचा छोटा लाल दिवा पण बंद, म्हणजे कंट्रोलर ओरडून सांगतोय की मी हीटर बंद केलाय. १०९. मी घाबरून कंट्रोलरचं स्विच बंद केलं, स्क्रीन विझली, आणि खोट्या भिंतीमागून हीटरचा तो तापलेल्या पत्र्याचा टिकटिक आवाज चालूच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि मेन एमसीबी पाडला.

झालं असं होतं की एसएसआर आतून शॉर्ट झालेला. हे त्यांचं नेहमीचंच आहे, एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेत अडकतो, बंद अवस्थेत नाही. त्यावरचा दिवा फक्त एवढंच सांगतो की कंट्रोलरकडून सिग्नल येतोय की नाही, पुढे करंट जातोय की नाही हे त्याला माहीतच नसतं. आणि कंट्रोलर बंद करून उपयोग शून्य, कारण अडकलेल्या एसएसआरला आता कोणाच्याच परवानगीची गरज नाही. नंतर शांतपणे हिशोब केला की ही १५०० वॅट तशीच चालू राहिली असती तर डबा कुठे जाऊन थांबला असता, उत्तर आलं ३०० च्या पुढे. १२० पर्यंत टिकणाऱ्या फोमच्या डब्यात. खरंच घाम फुटला. मी झोपायला गेले असते तर काय, याचा विचार अजून पण नको वाटतो.

सकाळी एसएसआर खोलला. गंमत म्हणजे आत सगळं इपॉक्सीतच बुडवलेलं असतं, ते खरवडता खरवडता आतला ट्रायॅक (करंट प्रत्यक्ष चालू-बंद करणारा भाग) सापडला तर त्यावरच्या नंबरप्रमाणे तो १६ अँपिअरचा. वर ४० छापलंय. आता माझा लोड साडेसहा अँपिअरच होता, म्हणजे १६ चा पण पुरला असता, पण एसएसआर प्रत्येक अँपिअरमागे साधारण एक-सव्वा वॅट उष्णता स्वतः सोडतो, म्हणजे सात-आठ वॅट, आणि ती काढायला दिलेलं हीटसिंक काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, तळ पण सपाट नाही, मध्ये पेस्ट नाही, आणि वर मी शहाणीने ते सगळं बंद प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेलं. हो, त्यात माझी पण चूक आहे, निम्मी म्हणा. पण किट विकताना दोन ग्रॅम पेस्ट टाकायला काय होतंय?

साचा गेला. त्याचं रेझिन ९० पर्यंतचं होतं, ११० ला तो मधोमध पोट सुटल्यासारखा वाकला आणि कव्हर पण त्याच्याबरोबर.

आता काय केलंय ते सांगते, कारण किट घेतलंच तर एवढं तरी करा. हीटरच्या लाइनमध्ये एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर, म्हणजे खटकन आवाज करणारा साधा मेकॅनिकल स्विच, त्याच्या कॉइलला करंट मिळतोय तोवरच जोडलेला राहणारा. त्याच्या कॉइलच्या वायरमध्ये कंट्रोलरचा अलार्म आउटपुट, जो सेट आकड्याच्या १० डिग्री वर गेलं की कॉइल तोडतो. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण अलार्म पण त्याच थर्मोकपलवर चालतो, आणि ते थर्मोकपल जर निसटून ओव्हनच्या बाहेर लोंबायला लागलं तर कंट्रोलरला वाटणार २८ डिग्री आहे, आणि अलार्म आयुष्यात वाजणार नाही. म्हणून त्याच कॉइलच्या लाइनमध्ये एक वेगळा बायमेटल थर्मोस्टॅट, १०० डिग्रीचा, एकदा तुटला की हाताने बटण दाबल्याशिवाय परत जुळत नाही असा. तो छताजवळ लावलाय. त्याला ना कंट्रोलर लागतो ना प्रोग्रॅम ना थर्मोकपल, दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि सर्किट तोडते, बस्स. आतला पत्रा, हीटरचं अंग, सगळ्याला अर्थिंग केलं. आत येणाऱ्या वायरी सिलिकॉनच्या, साध्या पीव्हीसीच्या नाहीत. एसएसआर नवीन घेतला तो वेगळीकडून, तळहाताएवढं हीटसिंक, पेस्ट लावून, डब्याच्या बाहेर उभा, म्हणजे हीटसिंकच्या पंखांमधून हवा वर जाते. मग मुद्दाम एसएसआरचं आउटपुट वायरने जोडून टाकून, म्हणजे तो अडकल्यासारखं करून, ट्रायल घेतली, ९० ला कॉन्टॅक्टर पडला. तो खटका ऐकून इतकं बरं वाटलं.

किटची दुसरी तक्रार, यात रॅम्प नाही, म्हणजे तापमान ठरलेल्या वेगाने हळूहळू वाढवायची सोय नाही. एकच आकडा सेट होतो, तो गाठायला कंट्रोलर जमेल तेवढ्या जोरात धावतो. पार्ट साच्यात असेल तर एकवेळ ठीक, पण साच्यातून काढून नुसता जाळीवर ठेवून पोस्ट-क्युअर करायचा असेल तर हळूहळूच वर न्यावं लागतं. कारण रेझिनचा टीजी पण तापमानाच्या मागून मागून वर सरकत असतो, तुम्ही घाई करून त्याच्या पुढे पळालात की पार्ट मऊ पडून स्वतःच्याच वजनाने वाकतो. माझ्या रेझिनच्या शीटवर तासाला १० डिग्री लिहिलंय, प्रत्येक रेझिनचं वेगळं असतं, शीट वाचा. मी आधी मोबाइलवर अलार्म लावून दर अर्ध्या तासाने ५-५ डिग्री वाढवत बसायचे, म्हणजे सगळा दिवस ओव्हनच्या दाराशी. रॅम्प-सोकवाले (हळूहळू वर नेऊन तिथे ठरलेला वेळ धरून ठेवणारे) कंट्रोलर येतात, थोडे महाग असतात, पण परत घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन. उतरताना पण दार उघडून भसकन थंड करू नका, आतच ५० च्या खाली येऊ द्या.

साच्यांबद्दल थोडंसं, विचारणारे विचारतातच. अॅल्युमिनियमचा साचा पटकन तापतो, पण १ मीटरचा साचा १०० डिग्रीने तापवला की २.३ मिमी वाढतो आणि कार्बन जवळजवळ वाढतच नाही, त्यामुळे लांब पार्टमध्ये मापं चुकतात आणि थंड होताना साचा आवळून पार्ट अडकू शकतो. मी ग्लास नाहीतर कार्बनचेच साचे करते, जास्त टीजीच्या रेझिनमध्ये. व्हॅक्यूम चालू ठेवून क्युअर करत असाल तर भिंतीतून पितळी जोड घाला, आतली नळी सिलिकॉनची आणि जाड, नाहीतर मऊ पडून चपटी होते. आणि तापवायच्या आधी पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं गेजकडे बघत बसा. गरम झालं की रेझिन पाण्यासारखं पातळ होतं आणि बारीकशा लीकमधून पण बुडबुडे ओढून घेतं, तेव्हा मग हात चोळण्यापलीकडे काही करता येत नाही.

नवीन कव्हर ८० ला चार तास करून बसवलं त्याला आता पाच महिने झाले. तीच बाईक, तेच ऊन, कड जशीच्या तशी, वीण पण वर आली नाही. दादा काही बोलला नाही, म्हणजे त्याला आवडलंय.

किट घ्यावं का? फक्त कंट्रोलर सुटा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, पण घेताना आउटपुट एसएसआरवालाच आहे ना ते बघा, दिसायला हुबेहूब तसाच रिलेवाला पण येतो आणि तो एसएसआर चालवत नाही. थर्मोकपल ठीकठाक. बाकीचं वेगळं घ्या. सेलरला फोटो पाठवून तक्रार केली तर वाद न घालता आठवड्यात बदली एसएसआर पाठवला, तेवढं मानलं पाहिजे. फक्त या वेळी त्यावर ४० ऐवजी ६० छापलंय. डबी तीच, काट्यावर वजन पण तेच, ग्रॅमचा फरक नाही. ड्रॉवरमध्ये पडून आहे.